मान हलते, म्हणजे हो नव्हे

मी मान हलवणारा बाहुला बोलतोय. तंजावूरचा. तुम्ही मला कुठेतरी पाहिलं असेलच, कुणाच्या काचेच्या कपाटात नाहीतर दुकानात ओळीने मांडलेला. पांढऱ्या मिशा, कपाळाला विभूती, मांडी घालून बसलेला म्हातारा. पंखा लावला की माझी मान हलते. दार आपटलं की हलते. रस्त्याने लॉरी गेली तरी हलते. मग लोक हसून म्हणतात, "बघा, आजोबा हो म्हणाले!" अहो, कशाला हो म्हणालो? मला कुणी काही विचारलंय का?

दमलोय हो मी. मराठीत नंदीबैल म्हणतात, तमिळमध्ये बूम बूम माडू म्हणतात, दोन्ही नावं मला चिकटवून झाली आहेत. बैलाला निदान संध्याकाळी सोडतात. मला कोण सोडणार? आत्ता जरा वारा पडलाय, तेवढ्यात सांगून घेतो.

राजगोपाल नावाच्या कारागिराने मला घडवलं. कागदाचा लगदा, पीठ, प्लास्टर असं कालवून धड केलं, डोकं वेगळं केलं. मानेत आडवी तार घातली, तिच्यावर डोकं टांगलं आणि आतून खाली वजन लावलं. रंग वाळल्यावर त्याने मला टिचकी मारली. मी जो डुलायला लागलो तो थांबेचना. त्याची बायको जेवायला वाढता वाढता म्हणाली, "हा म्हातारा बरा आहे. घरातला म्हातारा तर एका गोष्टीला हो म्हणत नाही." राजगोपालने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दुसरं डोकं रंगवायला घेतलं. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

मला विकत घेतलं नंदिताने. तंजावूरच्या मराठी घरातली मुलगी. ह्यांचे पूर्वज मराठा राजांच्या मागून इथं आले आणि इथलेच होऊन गेले. घरात बोलतात ती मराठी जुन्या वळणाची, तिला तमिळची फोडणी, आणि भांडायचं असेल तर इंग्रजी. मी मराठी शिकलो ती ह्यांच्यातच. नंदिता गावातल्या एका खाजगी इस्पितळात काउन्सेलर आहे. डॉक्टरांनी आजार सांगितला की पेशंट तिच्या खोलीत येतो आणि पुढं काय करायचं ते ठरवायला ती मदत करते. तिथल्या टेबलावर तिने मला शोभेला ठेवलं. 'ठरवायला मदत' असं तिच्या दारावर लिहिलंच होतं. मलाही ते वाचून बरं वाटलं होतं.

पण ती मदत कशी करायची, हे शिकवायला चेन्नईहून सुरेंद्र नावाचे साहेब आले. गोड बोलणारा माणूस. आवाज म्हणून चढवायचा नाही. ते म्हणाले, "पेशंटला 'हवं की नको' असं कधी विचारायचं नाही. 'सोमवारी की बुधवारी' असं विचारायचं. 'बहुतेक सगळे हेच करतात' हे वाक्य आधी बोलायचं. आणि कंप्युटरवर खूण पहिल्यापासून 'हो'वर ठेवायची. कुणी नको म्हटलं तर काढायची."

नंदिताने विचारलं, "ही जबरदस्ती नाही का, सर?"

"छे छे! आपण कुणाचा हात धरतो का? दार उघडंच आहे. आपण फक्त पाठीवर हात ठेवतो. लोकांना स्वतःचं भलं कळत नाही, म्हणून थोडं ढकलायचं, इतकंच."

बोलता बोलता त्यांचं बोट टेबलावर आपटलं आणि माझी मान हलली. साहेब एकदम खूश झाले. "हे फार छान आहे! समोर कुणी मान हलवली की माणूस आपोआप मान हलवतो. ह्याला इथंच ठेवा, पेशंटच्या अगदी समोर." झालं. मी शोभेचा होतो तो नोकरीला लागलो. तेव्हापासून नंदिता प्रश्न विचारायची, टेबलाच्या कडेला बोटाने हळूच टकटक करायची, आणि मी माझं काम करायचो.

आता खोटं कशाला बोलू, ह्यानं भलंही झालं. रघोजी नावाचा रिक्षावाला होता, नंदिताच्याच जातकुळीतला. साखरेने पायाला जखम झालेली, पाय सुजून भोपळा, आणि गडी म्हणतोय, "हळद लावतो, बसेल." नंदिताने त्याला हवं-नको विचारलंच नाही. "बुधवारी दाखल होता की आजच?" टक टक. मी मान हलवली, त्यानेही हलवली. पाय वाचला. पुढं तो दर सणाला केळ्यांचा घड घेऊन यायचा आणि मला नमस्कार करून जायचा. खरं सांगतो, तेव्हा मला माझ्या मानेचा अभिमान वाटायचा.

मग हळूहळू सगळंच माझ्यासमोर येऊ लागलं. ज्याचा गुडघा नुसता कुरकुरतो तो, जिचं डोकं उन्हाने दुखतं ती, सगळ्या तपासण्या करून घ्यायला आलेलं धडधाकट जोडपं. सोमवारी की बुधवारी? टक टक. मला विचाराल तर त्यातल्या निम्म्यांना पेजेची आणि झोपेची गरज होती. पण मला विचारतंय कोण!

सुरेंद्र साहेबांचं एक गणित मात्र ह्या मुलखात जास्तच बरोबर ठरलं. इथं 'नको' कुणी म्हणतच नाही. घरात तांदूळ संपले तर 'संपले' म्हणायचं नाही, 'वाढले' म्हणायचं. निघताना 'जातो' म्हणायचं नाही. आणि समोरच्याने प्रेमाने काही पुढं केलं तर त्याच्या तोंडावर 'नको' म्हणणं म्हणजे दिवा फुंकून विझवण्यासारखं. लोक गप्प बसतात, हसतात, 'बघूया' म्हणतात. ज्याला कळायचं त्याला कळतं. कंप्युटरला कुठलं कळायला? त्याचं आपलं, पडत्या फळाची आज्ञा.

ह्या 'नको' न म्हणण्यात सगळ्यांच्या वरताण होत्या नंदिताच्या आत्या, राजलक्ष्मीबाई. तिरुवैयारूला राहायच्या, कावेरीच्या घाटापासून दोन गल्ल्या सोडून. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून अख्खी गल्ली त्यांना 'टीचर' म्हणायची. नंदिताची आई लवकर गेली आणि आत्यांनीच हिला वाढवली. संध्याकाळी दारापुढच्या ओट्यावर चार-पाच मराठी पोरं जमवून त्या देवनागरी वाचायला शिकवायच्या. पोरांना मराठी समजायची, वाचता यायची नाही. "घरची भाषा अन् वाचतां येत नाहीं म्हणजे काय?" असं म्हणून त्या एकेकाचा कान हलकेच धरायच्या. तो ओटा हेच त्यांचं खरं आयुष्य होतं.

हे मला ठाऊक, कारण दर नवरात्रात नंदिता मला कोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या आराशीच्या, पायऱ्यांवर बसवायला तिकडे न्यायची. तिथंच मी आत्यांचं 'पाहूया' ऐकलं. साडी दाखवायला आलेल्याला "पाहूया". घर विका म्हणणाऱ्या दलालाला, अगदी कॉफी पाजून, "पाहूया". नंदिता सांगायची, लहानपणी तिने कुत्र्याचं पिल्लू मागितलं तर आत्या लाडाने म्हणाल्या, "पाहूया, कण्णा," आणि ती तिथंच रडायला लागली. पुढं काय ते तिला तेव्हाच समजलं होतं.

गेल्या वर्षी तमिळ आडी महिन्यात, नदीला नवं पाणी आलं तेव्हा, आत्यांचे पाय सुजले. तपासलं तर दोन्ही मूत्रपिंडं थकलेली. डॉक्टर शेषाद्री भला माणूस, पण घाईतला. ते नंदिताच्या दारात उभ्या उभ्या तिला म्हणाले, "वय झालंय, हृदयही अशक्त आहे. डायलिसिस केलं तर काही काळ मिळेल, किती ते मी छातीठोक सांगणार नाही. नाही केलं तर औषधं देऊ, घरी राहतील, त्रास होऊ नये एवढं बघू. काळ बहुधा कमी मिळेल. दोन्ही नीट सांग आणि त्यांना काय हवं ते बघ." आणि ते गेले.

दोन्ही सांग. मी माझ्या कानांनी ऐकलं.

आत्या आत आल्या. खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला, माझ्याकडे पाहून हसल्या. नंदिताचा चेहरा पांढराफटक. तिनं दोन्ही सांगितलंच नाही. ती म्हणाली, "आत्या, आठवड्यातून तीनदा यायचं. यंत्र रक्त साफ करून देतं. ह्या आजाराचे बहुतेक सगळे हेच करतात. मग सोमवारपासून सुरू करूया की बुधवारपासून?"

आत्यांनी विचारलं, "दुसरं काहीं नाहीं?"

"हेच चांगलं आहे, आत्या."

आत्यांनी पदर पुन्हा सारखा केला. मग म्हणाल्या, "पाहूया, कण्णा."

मला वाटलं, आता पोर रडेल, पिल्लाच्या वेळी रडली तशी. तिला कळलं होतं, तिच्या डोळ्यांत मी पाहिलं. पण तिचं बोट टेबलाच्या कडेला गेलं. टक टक. माझी मान हलली. मी काय करणार हो? तारेवर टांगलेलं डोकं माझं!

"अय्यो, हा म्हातारा तर हो म्हणून बसला," आत्या हसून म्हणाल्या.

"मग सोमवार," नंदिता घाईघाईने म्हणाली. कंप्युटरवर खूण आधीपासूनच होती. आत्यांनी नको म्हटलं नव्हतं, म्हणून ती काढायचं कारण नव्हतं.

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार. रघोजी त्यांना रिक्षाने आणायचा आणि न्यायचा. मानेत नळी, चार तास खाटेवर, मग चक्कर. रिक्षा येईपर्यंत त्या नंदिताच्या खोलीत येऊन बसायच्या आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटायच्या. नंदिता विचारायची, "कसं वाटतंय?" त्या म्हणायच्या, "बरं आहे." एकदा रघोजीच नंदिताला म्हणाला, "अक्का, टीचर पूर्वी रिक्षात बसल्या की मज नद्यांची नावं विचारायच्या. आतां कांहींच बोलत नाहींत."

ओट्यावरची शाळा बंद पडली. ज्या दिवशी यंत्र नसायचं त्या दिवशी आत्यांना अंथरुणातून उठवत नसे. पोरं आठवडाभर येऊन दारात उभी राहिली आणि मग यायची थांबली. हे आत्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. "पोरांस आतां परीक्षा असतील," असं म्हणाल्या. तेव्हा परीक्षा नव्हत्या. नंदिता खाली मान घालून ऐकत राहिली आणि मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! बोट उगारता येत असतं तर उगारलं असतं. पण रागावलो तरी माझी मान हलायची ती हो म्हटल्यासारखीच.

नवरात्र आलं. नंदिताने मला तिरुवैयारूला नेलं आणि तिसऱ्या पायरीवर बसवलं. त्या संध्याकाळी शेजारची अंबा आली, सुंडल घेऊन. चण्यांची उसळ, वर खोबरं, कढीपत्ता. आत्यांना ते खायला बंदी, पण अंबाला कुठं माहीत? तिने वाटी पुढं केली, "टीचर, थोडं घ्या."

आत्या हसल्या आणि म्हणाल्या, "पाहूया."

"सरी, टीचर," म्हणजे बरं, असं म्हणून अंबाने वाटी उचलली आणि सहज दुसऱ्या बाईपुढं केली. ना तिने कारण विचारलं, ना दुसऱ्यांदा आग्रह केला. परक्या घरची, तमिळ बोलणारी बाई. तिला एका शब्दात कळलं आणि तिने ते मानलं.

नंदिता दारात उभी होती, हातात पान-सुपारीचं तबक. तिने ते तसंच खाली ठेवलं.

सगळ्या गेल्यावर ती आत्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. वर पंखा फिरत होता आणि पायरीवर मी नेहमीसारखा डुलत होतो. तिचं माझ्याकडे लक्ष गेलं तशी ती उठली आणि तिने माझी मान हाताने धरून थांबवली. मला वाटलं, सुटलो.

"राहूं दे त्यास," आत्या म्हणाल्या. "तुज काय झालं?"

"आत्या, डॉक्टरांनी मला दोन गोष्टी सांगायला सांगितल्या होत्या. मी एकच सांगितली." आणि मग तिने सगळं सांगितलं. यंत्र नाही घेतलं तर काय होईल, काळ बहुधा कमी मिळेल, धाप लागेल, ती कमी करायला औषध असतं, खाज सुटेल, झोप वाढेल, घरी राहता येईल. काही लपवलं नाही. आत्यांनी मध्ये मध्ये प्रश्न विचारले, अगदी वर्गात विचारावे तसे. दुखेल का? किती? मी शुद्धीवर असेन का? नंदिताला जे माहीत नव्हतं त्याला ती "मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारते" म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य मी प्रथमच ऐकलं.

शेवटी ती म्हणाली, "मी घाबरले होते. तू जाशील म्हणून. मला अजूनही वाटतं, तू यंत्र घ्यावंस. हे माझं मत आहे, आत्या. तुझं काय आहे?"

आत्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "हें तेव्हांच असं सांगितलं असतंस तर!" एवढंच बोलल्या. मग त्यांनी वर पाहिलं. नंदिताने माझी मान सोडली होती आणि पंख्याच्या वाऱ्याने मी पुन्हा सुरू झालो होतो, हो हो, हो हो. माझ्या डोळ्याला डोळा भिडवून, स्वच्छ आवाजात, आत्या म्हणाल्या,

"नको."

मी राजगोपालच्या हातून घडलो तेव्हापासून माझ्यासमोर कुणी हा शब्द स्वतःसाठी उच्चारला नव्हता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पोरगी मात्र आत्यांच्या मांडीत डोकं खुपसून ओक्साबोक्शी रडली.

यंत्र बंद झालं. इस्पितळात कुजबूज झाली, सुरेंद्र साहेबांचा गोड आवाजात फोन आला. डॉक्टर शेषाद्री मात्र स्वतः तिरुवैयारूला येऊन औषधं समजावून गेले. नंदिताने मला तिथंच ठेवलं, आत्यांच्या खिडकीत. आत्या गळून गेल्या होत्या, पण रिक्षात आणि खाटेवर जाणारे दिवस परत मिळाले होते. ओट्यावर उशीला टेकून त्या परत आलेल्या पोरांकडून बाराखडी म्हणून घ्यायच्या. स्वतःला बोलवत नसलं की बोट वर करायच्या आणि पोरं पुढची ओळ वाचायची.

कार्तिकैचे दिवे लागले त्या सुमारास धाप वाढली. एका सकाळी नंदिता रजा टाकून आली. आत्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "अजून जाता येईल, आत्या. खाट रिकामी आहे. मला तू हवी आहेस. जाऊया?"

खिडकीतून वारा आला आणि माझी मान हलली. आणि काय सांगू तुम्हाला, तेव्हा ती मी मनापासून हलवली. मलाही त्या हव्या होत्या. ओट्यावरचा तो आवाज मला हवा होता. आयुष्यभर खोटं हो म्हणत आलो, त्या सकाळी खरं म्हणालो. मला वाटलं, एकदा तरी, ह्या एकदाच, माझ्याकडे बघून ह्यांनी मान हलवावी.

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंदिताकडे पाहिलं. दम घेत म्हणाल्या, "नको, कण्णा. तूं इथं बस."

नंदिता बसली. मार्गळी महिना लागण्याआधी आत्या गेल्या, घरात, दुपारी, तिचा हात धरून.

आता मी पुन्हा इस्पितळात आहे, त्याच टेबलावर. नंदिता दोन्ही बाजू सांगते. मग तिला भीती वाटत असेल तर तसं तोंडाने सांगते: "माझं ऐकाल तर करून घ्या." काहीजण ऐकतात. पेरुमाळ नावाचा एक शेतकरी सडलेला पाय घेऊन आला होता. तिने विनवण्या केल्या, तरी तो नको म्हणाला आणि गेला, आणि परत आला तो पाय कापायलाच. त्या दिवशी तिने बोट टेबलाच्या कडेला नेलं होतं का, असं तुम्ही विचाराल. नव्हतं नेलं. नेलं असतं तर पाय वाचला असता का, ते मी सांगू शकत नाही. घरी जाताना ती माझ्याकडे कितीतरी वेळ बघत उभी होती.

तुम्हाला माझी एक विनंती आहे. उद्या तुमच्या जिवाचं काही ठरवायला कुणी तुम्हाला बसवलं आणि समोर माझ्यासारखा एखादा डुलत असेल, तर त्याला आधी आडवं करा. आडवं केलं की आमची मान हलत नाही. मग विचारा, दुसरं काय आहे? आणि मग हो म्हणा, नाहीतर नको म्हणा, तुमची मर्जी.

बाकी आमचं काय, वारा उठला, निघतो आता डुलायला. जाता जाता वाटलंच तर मलाही एक प्रश्न विचारा. विचारा की, आजोबा, दमलात का? तेवढ्या एका प्रश्नाला माझी मान हलली, तर ती खरी माना.